बारवेतले अर्जुनराव

१

पुतळा चोरीला जातो हे मी ऐकून होते. पुतळा आंघोळीला जातो हे मात्र आमच्या हिवरटाकळीतच पाहिलं.

सव्वीस जानेवारीची सकाळ होती. त्या दिवशी ग्रामसभा, आणि सभेपुढे एकच विषय: चौकातला अर्जुनरावांचा पुतळा ठेवायचा की हलवायचा. मी इस्त्रीची साडी नेसून झेंड्याला निघाले होते. गावची पोलीस पाटील झेंड्याला उशिरा पोचली की लोकांना वर्षभर बोलायला पुरतं. तेवढ्यात बंकट दारात येऊन उभा राहिला. शेळ्या राखणारा म्हातारा, एरवी तोंडात तंबाखूचा बार धरूनच बोलणारा. आज त्याचं तोंड रिकामं होतं.

"पाटलीणबाई, अर्जुनदादा बारवंत हाय."

"कोण?"

"अर्जुनदादा. छातीइतक्या पान्यात हुबा हाय. माज्याकडंच बगतोय."

अर्जुनराव वारून बरीच वर्षं झाली होती. मी स्वतः त्यांच्या तेराव्याला जेवले होते. पण बंकटशी वाद घालण्यापेक्षा चालणं सोपं, म्हणून त्याच्यामागे निघाले.

निम्मं गाव ऊसतोडीला गेलेलं. कुलपं लावलेल्या दारांना बाभळीच्या फांद्या टेकवलेल्या, ओसरीवर धूळ. अशा दिवसांत आमच्या गल्लीतून चालताना आपल्याच चपलांचा आवाज आपल्याला नकोसा होतो. चौकात आलो तर चौथरा मोकळा. त्यावर एक पांढरं कापड, नीट चौपदरी घडी घालून ठेवलेलं.

हे कापड तीन वर्षं पुतळ्यावर होतं. अर्जुनराव आधी ऊसतोडीच्या टोळीचे मुकादम, मग जमीनदार, मग पुढारी. त्यांचे चिरंजीव बबनराव यांनी एका पहाटे हा पुतळा आणून चौथऱ्यावर उभा केला. सरकारची परवानगी नाही म्हणून अनावरण नाही, आणि अनावरण नाही म्हणून कापड नाही काढायचं. तीन वर्षं आमच्या चौकात पांढरं गुंडाळलेला एक माणूस उभा होता. तिन्हीसांजेला त्याच्या बाजूने पोरं जात नसत. खोटं कशाला बोलू, मीही पदर डोक्यावर घेऊन जायची.

महादेवाच्या देवळामागे जुनी बारव आहे, पायऱ्यांची विहीर. थंडीत तिच्या पाण्यातून वाफ निघते. त्या वाफेत डोकं दिसत होतं, फेटा दिसत होता, मिशा दिसत होत्या. छातीपर्यंत पाणी. कपाळाला ताजं गंध, गंधावर अक्षता. छातीवरून एक काथ्याची दोरी पाण्यात खाली गेलेली.

बंकट पायरीवर बसला. "बाई, या बारवंत दोन पुरुष पानी हाय," तो म्हणाला. "मंग ह्यो हुबा हाय कशावर?"

२

बबनराव आले ते तक्रार लिहूनच. पांढरा शर्ट, छातीला तिरंगा, आणि मागे दहाबारा माणसं.

"पंचधातूचा पुतळा चोरून विटंबना केली, असं लिहिलंय," ते म्हणाले. "नावबी लिहिलंय. दीपमाला सटवा. संध्याकाळपर्यंत ठाण्यात पोचवा."

दीपमालाचं नाव येणार हे मला ठाऊक होतं. मागच्या बैठकीत ती पोरगी उभी राहून सगळ्यांसमोर म्हणाली होती, "त्येला बारवंत बुडवा. तितं तरी कुनाला नडनार न्हाई." तिला तसं बोलायचा हक्क होता. तिचा बाप सटवा अर्जुनरावांच्या टोळीत कर्नाटकात ऊस तोडायला गेला आणि फडातच साप चावून मेला. अर्जुनरावांनी त्याचं प्रेत गावाकडे आणू दिलं नाही. फडाच्या बांधावर चिता पेटवली, आणि ती विझायच्या आत त्याच्या बायकोला ट्रक भरायला लावला. सटवाची राखसुद्धा हिवरटाकळीला आली नाही.

आता हीच दीपमाला पोलीस भरतीत निवडली गेली होती. नुसती चारित्र्य पडताळणी राहिली होती, की मग नेमणुकीची ऑर्डर. अशा वेळी तिच्यावर गुन्हा दाखल झाला तर संपलं सगळं. चार वर्षं पहाटे डांबरी रस्त्यावर धावलेली पोरगी परत कोयता घेऊन फडात जाईल. बबनरावांना हे माहीत होतं, म्हणून तर तो कागद ते मला असा दोन बोटांत धरून देत होते.

"आधी दादांना बाहेर काढू," मी म्हणाले. "चार गडी पाण्यात उतरवा."

"अजिबात न्हाई!" बबनराव एकदम ओरडले. "कुणी हात लावायचा न्हाई. उद्या बीडहून क्रेन येईल. वजन हाय ते."

बाप गार पाण्यात उभा आणि लेकाला उद्याची क्रेन हवी, हे काही माझ्या पचनी पडलं नाही. पण मी कागद घेतला. "सभा तीनला आहे. तोवर मला विचारपूस करू द्या."

माणसं पांगली. बंकट तेवढा राहिला. तो कधीकाळी त्याच टोळीत कोयता घेऊन गेलेला. दोरीकडे बोट दाखवून हळूच म्हणाला, "बाई, ती दोरी बगा. गाठ हाय का? न्हाई. पीळ दिऊन टोक आत खवलंय. आमी उसाची मोळी अशीच बांदतो."

"मग?"

"सगळे उजवा पीळ घालतेत. ह्यो डावा हाय. आख्ख्या टोळीत डावा पीळ एकट्याचाच असायचा." त्याने दोरीवरून नजर काढली. "सटवाचा. आन बाई, तोडनारे समदे तिकडं कर्नाटकात हायत. हितं हाय कोन बांदायला?"

दुपारपर्यंत ही गोष्ट गावभर झाली. सटवा आला, आणि अर्जुनदादाला घेऊन गेला.

३

भुताला दोरी लागत नाही, एवढं मला कळतं. म्हणून मी आधी जिवंत माणसांकडे गेले.

सरपंच बजरंग पुतळ्याच्या विरोधातला. चौथऱ्याच्या जागी त्याला एसटीसाठी निवारा हवा होता. मी गेले तेव्हा तो भाषण पाठ करत होता.

"मी कावून हलवू?" तो चिडला. "आज ठरावच घेनार होतो. आता बबनराव बापाच्या नावानं रडतोय, आन हातातली सभा चालली. माझं नुकसान झालंय, वनमालाबाई!"

"तुमची माणसं उसाला गेलीत. ठराव कसा जिंकणार होतात?"

"त्योच तर डाव त्याचा. आमचे लोक फडात असतानाच्या सभेत ह्यो विषय घ्यायला लावला. तरी बायका होत्या माज्या बाजूनं." मग आवाज उतरवून म्हणाला, "खरं सांगा, तुमाला काय वाटतं? चार क्विंटलचा पुतळा मान्सानं उचलल काय? मी तर घरात लिंबू बांदलंय."

एसटीचा निवारा मागणारा सरपंच दाराला लिंबू बांधून बसलेला. हसावं की रडावं कळेना.

तिथून दीपमालाच्या घरी गेले. एक खोली, पत्रे, पुढे स्वच्छ सारवलेलं अंगण. दीपमाला उंबऱ्यावर गुडघ्याला हात बांधून बसली होती. तिची आई चंद्रभागाबाई चुलीपुढे होती. कमी बोलणारी, उंच, मोठ्या हाडापेराची बाई. नवरा गेल्यापासून ती कधी उसाला गेली नाही. गावातच खुरपायला जाते.

"काकू, मी न्हाई केलं," दीपमाला म्हणाली. तिचे डोळे सुजले होते. "बोलले ते बोलले. पन मी न्हाई केलं. माजं नाव पुढं पाठवू नका हो. एवढी एकच वाट हाय मला."

"सकाळी कुठं होतीस?"

"पळायला. रोजच्यासारखी. कुनी बगितलं न्हाई."

चंद्रभागाबाईंनी मला भाकरी वाढली. नको म्हटलं तरी वाढली. सोबत हिरव्या मिरचीचा ठेचा होता. पहिल्या घासालाच लसणाची अख्खी पाकळी दाताखाली आली. तव्यावर तांब्याच्या बुडाने घाईघाईत रगडलेला ठेचा. या बाईच्या हातच्या ठेच्याची अख्ख्या गल्लीत वाखाणणी व्हायची, आणि आज हा असा. पोरीवरच्या संकटाने बाईचं लक्ष नसेल, असं मनात म्हणून मी पाणी प्याले.

"बाई," चंद्रभागाबाई पहिल्यांदाच बोलल्या, "त्याला पान्यातून कदी काडनार हायत?"

"उद्या, क्रेन आली की."

त्यांनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

४

भर बाराला मी एकटीच बारवेवर गेले. आमच्याकडे रात्रीपेक्षा ही वेळ वाईट समजतात. उन्हात सावली पायाखाली जाते, पाखरू बोलत नाही, आणि बंद घरांच्या गावात तर आपलाच श्वास कुणा दुसऱ्याचा वाटतो.

वाफ गेली होती. पाणी काळंशार आणि स्थिर. सकाळी अर्जुनरावांचं तोंड देवळाकडे होतं. आता ते पायऱ्यांकडे होतं.

माझ्याकडे.

मला पळून जावंसं वाटलं, हे कबूल करते. पायाखालची पायरी गारढोण झाली होती. एक कावळा वरच्या कमानीतून उतरला आणि अर्जुनरावांच्या फेट्यावर बसला. फेटा कलला. पुतळा एका बाजूला झुकला, कावळा उडाला तसा परत सरळ झाला, आणि पुन्हा हळूहळू फिरायला लागला. कान, गाल, मग पाठ. जाणारा माणूस पाठ फिरवतो तसा.

मी पायरीवर बसून राहिले. भीतीच्या पलीकडे गेलं की डोकं चालायला लागतं, तसं ते चाललं. कावळ्याच्या वजनाने पंचधातूचा माणूस कलतो? चार क्विंटलचं धूड पाण्यावर फिरतं? या पुतळ्यासाठी बबनरावांनी घरटी एक तांब्या-पितळेचं भांडं मागून नेलं होतं. मी माझ्या माहेरचा हंडा दिला होता.

मग सकाळच्या क्रेनचा अर्थ लागला. पण पुतळा बबनरावांनीच हलवला असं म्हणावं, तर गावासमोर असा उघडा तरंगत ठेवून त्यांचंच बिंग फुटणार होतं. कापड काढायलाच जो माणूस तीन वर्षं भीत होता, तो हे करणार नाही.

आणि वैरी? वैरी कापडाची घडी घालत नाही. वैरी गंध लावत नाही. वैऱ्याने पालथा फेकून दिला असता. इथे कुणीतरी पायाला वजन बांधून त्याला उभा ठेवला होता, नाकातोंडात पाणी जाऊ नये असा.

पाण्यात. गंध लावून. उभा.

मला माझी सासू आठवली. मालकांना विषमज्वर झाला होता तेव्हा तिने देव्हारा रिकामा केला होता, तांब्याच्या परातीत पाणी घेतलं होतं, आणि त्या परातीभोवती कुणालाही फिरकू देत नव्हती. मी उठले आणि तडक सभेला गेले.

५

शाळेच्या पटांगणात सभा भरली होती. बहुतेक म्हातारी माणसं आणि बायका. बबनराव बापाची थोरवी सांगत होते. दुष्काळात दादांनी आपली विहीर गावाला मोकळी केली, हे खरं होतं, आणि माणसं माना डोलवत होती. बजरंग खाली बघत होता. दीपमाला एका कडेला उभी. तिच्या आजूबाजूची जागा बायकांनी मोकळी सोडली होती.

मी तक्रारीचा कागद वर धरला. "हा मी संध्याकाळी ठाण्यात नेणार आहे. पण त्याआधी एक करू. पुतळा आत्ता, सगळ्यांच्या देखत बाहेर काढू. पुतळा पाहिजे म्हणणाऱ्यांना त्यांचे दादा परत मिळतील. नको म्हणणाऱ्यांना बारवेचं पाणी मिळेल. कुणाची हरकत?"

हरकत कुणाची असणार? ज्याला पुतळा हवा त्यालाही तो बाहेर हवा. ज्याला नको त्याला फरक पडत नाही.

"माजी हरकत हाय!" बबनराव उठले. "क्रेनशिवाय..."

"तुमची मला माहीत होती. अजून कुणाची?"

झेंड्याची दोरी खांबावर आपटत होती. मग बायकांच्या गर्दीतून एक उंच बाई उभी राहिली. तिने पदर दोन्ही हातांनी घट्ट धरला होता.

"आज नगं," चंद्रभागाबाई म्हणाल्या. "पोरीची आर्डर ईस्तवर त्याला काडू नगा."

दीपमालाने आईकडे बघितलं.

६

चार बायकांनी दोरी धरून ओढली आणि पुतळा पायरीवर आला. क्रेन नको, गडी नको, चार बायका. आत पोकळ. वरून तांब्याचा रंग, आतून पांढरा फायबर. पायाला बांधलेला दगड शेवटी वर आला. तो पाटा होता, घासून घासून मध्ये खोल गेलेला. चंद्रभागाबाईंच्या घरचा. मी जेवले तो ठेचा तव्यावर का रगडला होता, ते सगळ्यांना सांगितलं.

"तुम्हाला हा हलका आहे हे कळलं कसं?" मी विचारलं.

"दिवाळीच्या मागं वावटळ आलती. कापड उडालं, तवा ह्यो बुडापासनं हलला. पाच धातूचा मानूस वाऱ्यानं हलतो व्हय? टोळीत मी याच्याहून जड मोळी डोक्यावर घिऊन ट्रकवर चढलेय."

"पण याला देव केलंत? याला पाण्यात ठेवलंत?"

इतकी वर्षं न बोललेली ती बाई मग एका दमात बोलली. "देव पान्यात ठिवतेत ते काय नुसत्या भक्तीनं? कोंडायला ठिवतेत. दे, मंग वर काडते, म्हनून. माज्या घरचे देव गरीब हायत, त्येंना कावून बुडवू? त्येंनी माजं काय नेलंय? ज्यानं नेलं त्यानंच द्यावं, म्हनलं. पोरीची आर्डर दे. मला काय म्हाईत, पोरीवरच येईल." तिने दीपमालाकडे बघितलं आणि तोंडात पदर कोंबला.

आईने लेकीसाठी घातलेल्या साकड्यानेच लेकीचा गळा आवळला होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मी ते पुसलं नाही.

पण हातात कागद होता. मी तो मोठ्याने वाचला. "पंचधातूचा पुतळा चोरीस गेला, असं इथं लिहिलंय. बबनराव, तो पुतळा दाखवा मला. या गावात पंचधातूचा पुतळा कधी नव्हताच, तर तो चोरीला गेला असं मी ठाण्यात कोणत्या तोंडानं सांगू? की तक्रार बदलून आणता? तर मग आमच्या भांड्यांचंही त्यात लिहा."

"माझी घागर दिलती बे मी!" बंकट ओरडला. त्याच्यामागून सगळाच गलका उठला. माझ्या हंड्याची आठवण मीही मोठ्या आवाजात करून दिली. बबनरावांनी कागद माझ्या हातातून घेतला, घडी घातली, आणि खिशात ठेवून ते बापाकडे न बघता निघून गेले.

"फोडा याला," बजरंग म्हणाला.

तेवढ्यात दीपमाला पुढे झाली. पुतळा बुडवा म्हणणारी तीच. तिने पाटा उचलून पायाशी ठेवला, दोरी आवळली, आणि पुतळ्याला काखेत धरून पायऱ्या उतरली. पोरीने त्याला हळूच पाण्यात सोडला, आईने ठेवला होता तसा, उभा. कुणी अडवलं नाही.

गर्दी पांगल्यावर मी चंद्रभागाबाईंना म्हणाले, "बंकटनं उगाच गाव घाबरवलं. नवऱ्याबरोबर मोळ्या बांधून तुमच्याही हाताला डावाच पीळ बसला असणार, एवढंच."

त्यांनी मान हलवली. "न्हाई बाई. मी जलमभर उजवाच पीळ घातला. त्येच्यासारका डावा पीळ मला कदी जमला न्हाई म्हनून त्यो हसायचा मला." त्यांनी आपले दोन्ही तळवे माझ्यापुढे धरले. "त्या पहाटं हात आपसूक उलटे फिरले. मला थांबवता आले न्हाईत."

या एका गोष्टीचा उलगडा मी आजवर करू शकले नाही.

७

ऑर्डर होळीच्या आसपास आली. टोळ्या परतू लागल्या होत्या, दारांवरच्या बाभळी निघत होत्या. दीपमाला पेढे घेऊन माझ्याकडे आली आणि वाकून नमस्कार केला, आणि मी तिला पहिल्यांदा 'मॅडम' म्हणाले.

संध्याकाळी चंद्रभागाबाई आल्या. "बाई, बारवंवर येता का संगं?"

मी समजले. देव पावला की बाहेर काढायचा, दूधपाण्याने न्हाऊ घालायचा आणि देव्हाऱ्यात बसवायचा, ही रीत. याला कुठे बसवायचा याचाच विचार करत मी त्यांच्यामागे गेले. पायऱ्यांवर सावली होती. अर्जुनरावांच्या गंधाचा रंग उडाला होता, मिशांना शेवाळ धरलं होतं. ते आमच्याकडे पाठ करून होते.

चंद्रभागाबाई शेवटच्या कोरड्या पायरीवर बसल्या. दोरीला हात लावला नाही. पाणी हललं नाही, वारा नव्हता, पण ते तोंड हळूहळू आमच्याकडे वळलं. मी त्यांच्या दंडाला धरलं. त्या घाबरल्या नव्हत्या.

"पोरीची आर्डर पोरीनं पळून मिळवली," त्या त्याच्याशी बोलल्या, शेजाऱ्याशी बोलावं तशा. "त्येच्यात तुजं काई न्हाई. तुज्याकडं माजा मानूस हाय. त्यो दे, मंग वर ये."

मग त्या उठल्या. दीपमालाची सकाळची गाडी होती, तिच्यासाठी दशम्या करायच्या होत्या.

पुढच्या ग्रामसभेला चौकात एसटीचा निवारा मंजूर झाला. पुतळ्याचं काय करायचं, असं कुणीतरी विचारलं. बजरंगने पुढचा विषय वाचायला घेतला. मी हजेरीच्या वहीत सही केली.